बाबांच्या चार बोटांचं माप

७ मार्च, शुक्रवार

वाटी झाली! विणायला घेतला होता गोल रुमाल, टीपॉयवर ठेवायचा. क्रोशाची सुई, पांढरा दोरा, मोबाइलवर डोंगरातल्या घरात राहणाऱ्या एका बाईचे व्हिडिओ — आणि दोन दिवसांनी माझ्या हातात वाटी. कडा वर उचललेल्या. प्रत्येक फेरीत टाके वाढवायचे असतात, ते मी विसरले. आईने त्यात लसूण भरला आणि ती ओट्यावर ठेवली.

बाबा रामकुंडावरून आले, धोतर वाळत घातलं, वाटीकडे बघितलं. म्हणाले, याच्यासाठी नोकरी सोडलीस?

हो. याच्यासाठीच सोडली! सातपूरच्या त्या कंपनीत इतकी वर्षं खरेदी विभागात बसले. खरेदी म्हणजे काय, तर दुसऱ्याने बनवलेली वस्तू तिसऱ्याला मिळावी म्हणून चौथ्याला ईमेल करायची. त्यातला एक नट कधी हातात घेऊन बघितला नाही. अठ्ठावीस वर्षांची घोडी झाले आणि मला स्वतःच्या हाताने करता येतो तो फक्त चहा. तोही आई म्हणते पाणचट.

९ मार्च

रुमाल उसवून पुन्हा विणला. पुन्हा वाटी. आता मिरच्यांचीही सोय झाली.

३० मार्च, पाडवा

सांगून टाकलं. श्रीखंड वाढून होईपर्यंत थांबले, एवढीच काय ती सभ्यता.

सिन्नरच्या पुढे आमचे वीस गुंठे आहेत. आजोबांना एका यजमानाने दान दिलेले. वाटणीची विहीर आणि पत्र्याची एक खोली. शेजारचे मल्हारी आणि त्यांची बायको चांगुणा ते कसतात, खोलीला कुलूप असतं आणि किल्ली बाबांच्या जानव्याला. मी म्हटलं, मला तिथे राहायचं आहे. बांधावर देवकापूस लावीन, मधे तूर, बाजरी, भाजी. दोन शेळ्या. एक चरखा, पुढेमागे हातमाग. अंगावरचं कापड, ताटातलं अन्न, दिव्यातली वात — सगळं माझ्या हातचं. विकत काही नाही.

अथर्वला पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बसवलं होतं. तो म्हणाला, ताई, मीठ कुठून आणणार? धाकट्या भावांना देवाने बोलायला तोंड दिलं आहे, विचार करायला काही दिलेलं नाही.

आई म्हणाली, ठाण्याचं स्थळ चांगलं आहे, एकदा बघून तर घे. बाबा जेवत राहिले. हात धुऊन आले आणि मग बोलले. जसं बोलले तसंच लिहिते —

"विकतचं नको म्हणतेस ना? मग माझं एक जानवं कातून दाखव. आपल्या झाडाच्या कापसाचं. सूत सलग हवं, गाठ चालणार नाही. श्रावणीला मी ते घातलं, तर किल्ली तुझी."

"आणि नाही घातलंत तर?"

"तर ठाण्याचे लोक येतील तेव्हा तोंड वाकडं न करता बसायचं. आणि शेताचा विषय बंद."

मी म्हटलं, कबूल. अथर्व तिकडे हसत होता. बाबा नाही हसले. त्यांना खात्रीच आहे. आणि गंमत बघा — हा माणूस स्वतः वर्षानुवर्षं पाकिटातलं जानवं घालतो, यंत्रावर काढलेलं! देवघराच्या दाराशी खिळ्याला पाकीट लटकलेलं असतं. दर श्रावणीला जुनं उतरवायचं, पाकिटातलं नवं घालायचं. आणि मला म्हणे कातून दाखव.

दाखवीन!

२ एप्रिल

आईची शाळेतली टकळी माळ्यावर सापडली. पितळी चकती, लोखंडी काडी, इतकीशी. आईला पाचवीत सूतकताईचा तास होता. तिने वातींच्या कापसाचा पेळू वळला, त्याचं टोक चिमटीत धरून टकळीला एक गिरकी दिली आणि वाटीत उभी सोडली. टकळी नाचायला लागली, आईचा डावा हात वर वर गेला, आणि हातातून सूत निघत आलं. इतक्या वर्षांनी! मी बघत राहिले. आई म्हणाली, बघत काय बसलीस, कर.

केलं. तुटलं. केलं. तुटलं. दुपारभर टकळी वाटीतून बाहेर पडून फरशीवर टणटणत राहिली. सूत म्हणजे काय, कुठे सुतळी तर कुठे हवा.

त्यावरून एक आठवलं. जानवं तुटलं तर नवं घालेपर्यंत बाबा बोलत नाहीत. पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. मी सात-आठ वर्षांची असताना बाबा एकदा नदीवरून आले ते मुक्यानेच. हाताने खिळ्याकडे दाखवत होते. मला आणि अथर्वला वाटलं, सिनेमाचं नाव ओळखायचा खेळ चाललाय. आम्ही एकेक नाव सांगत सुटलो. शेवटी आईने पाकीट हातात दिलं तेव्हा सुटका झाली त्यांची.

६ एप्रिल, रामनवमी

गर्दी. कुंभाची खोदाखोदी आणि त्यात ही गर्दी. बाबांचा डबा द्यायला घाटावर गेले. इंदूरचं एक कुटुंब आपल्या आईचं श्राद्ध करायला आलेलं. मुलगा जीन्समध्ये, जानवं नाही, सोवळं नाही, सुतक फिटलं की नाही तेही धड सांगता येईना. बाबा इतक्या प्रेमाने म्हणाले, चालतं, आपद्धर्म म्हणून चालतं, तुमची भावना पोहोचली. त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेरच्यांना सगळे अपवाद. घरात एकही नाही!

१३ एप्रिल

मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ देवकापसाचं झाड आहे. आई दरवर्षी त्याच्याच वाती वळते, वस्त्रमाळा करते. बोंडं फुटली आहेत. सकाळी सगळी वेचली. एकेका बोंडातली सरकी बोटांनी काढायची, मग कापूस पिंजायचा, मग पेळू. नखं दुखतात. त्या डोंगरातल्या बाईच्या व्हिडिओत हे सगळं गाणं वाजेपर्यंत होऊन जातं. तिच्या अंगणात चिखलही कधी दिसत नाही. मला आता तिचा थोडा राग येतो.

सूत मात्र निघतंय. मधे एक जाड भाग आला म्हणून बाबांच्या पूजेच्या पिशवीतली छोटी कात्री घेतली, दर्भ कापायची. आईने हातच धरला माझा. म्हणाली, कापू नकोस, तोड. तोडलेल्या टोकाला तंतू सुटलेले असतात, ते पेळूच्या तंतूंमध्ये मिसळतात आणि सांधा दिसतसुद्धा नाही. कात्रीने कापलेलं टोक सपाट होतं, ते धरत नाही, मग गाठ मारावी लागते.

तोडून बघितलं. खरंच! टोकाला बारीक लव आल्यासारखी दिसते. पेळूवर ठेवलं, पीळ दिला, मिसळून गेलं.

आईला हे सगळं येतं आणि आजवर ती एका शब्दाने बोलली नाही. विचारलं तर म्हणाली, कुणी विचारलं होतं?

२७ एप्रिल

कालचं सगळं सूत टाकून दिलं. वाईट होतं. रडले नाही.

११ मे, रविवार

सिन्नरला जाऊन आले, एकटी. एसटीने सिन्नर, पुढे जीप. बाबांनी किल्ली दिली नाहीच, खोली बाहेरूनच बघितली. पत्रा एका बाजूला उचकटलाय. आत काय आहे ते खिडकीच्या फटीतून दिसलं — जुना नांगर, पोती आणि एक मांजर, माझ्याकडे घर तिचंच असल्यासारखं बघत.

चांगुणाकाकूंनी ताक दिलं. मी माझा सगळा बेत सांगितला, कापूस, शेळ्या, माग. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "येकटी राहशीन का इथं? लय वारं हे. रातच्याला पत्रा वाजतो, मानूस आल्यावानी वाटतं."

मी म्हटलं, राहीन.

"आमी पोरीला सिन्नरला फ्लॅट घेऊन दिला, तिला शेन काढायचं नको म्हनून. अन तू चांगली पंचवटीतली, इकडं येती." आणि हसायला लागल्या. मीही हसले, काय करणार. पण निघताना त्यांनी मला बांधावरून फिरवलं आणि कापूस कुठे लावायचा ती जागा दाखवली. पाणी साचत नाही तिथं, म्हणाल्या. कुणीतरी जागा दाखवली! हसून का होईना.

परतीच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी होती. तरी मी खुशीत होते. माझं तिथे कसं होईल, मला माहीत नाही. अंगात ताप आला तर, पत्रा उडाला तर, बाजरी पाखरांनी खाल्ली तर. पण ठाण्याच्या अकराव्या मजल्यावर माझं कसं होईल ते मला अगदी नीट माहीत आहे. म्हणून तर तिथे जायचं नाही.

३० मे

वीतभर सूत असं निघालं की आईने चष्मा लावून बघितलं आणि काही बोलली नाही. म्हणजे चांगलं.

१५ जून, रविवार

झालं! सलग, बिनगाठीचं! जानव्याचं सूत चार बोटांना शहाण्णव वेळा गुंडाळून मापतात, हे मोबाइलवर वाचलं होतं. मापलं. मग त्याची तिपदरी, तिला पीळ, पुन्हा तिपदरी, उलटा पीळ. एकदा दोन्ही पीळ एकाच दिशेला दिले तर सगळं गुरफटून शेवयांसारखं झालं, ते सोडवण्यात दोन दिवस गेले. शेवटची ब्रह्मगाठ तेवढी बाबांनी मारली. ती कशी मारायची ते मला दाखवलं नाही.

मग त्यांनी ते सदऱ्यावरूनच खांद्यावर टाकून बघितलं. कमरेपर्यंत यायला हवं. आलं बरगडीपर्यंत!

मी बघतच राहिले. बाबांनी माझा हात धरला, माझी चार बोटं त्यांच्या चार बोटांशेजारी ठेवली. त्यांची जाडजूड, माझी काडीसारखी. म्हणाले, "ज्याचं जानवं, त्याचीच बोटं. हे तुझ्या मापाचं झालं."

हे आधी का नाही सांगितलंत, विचारलं. म्हणाले, तू विचारलंस कुठे?

या घरात सगळं विचारावं लागतं! कुणी आपणहून काही सांगत नाही. आणि मी तरी का नाही विचारलं? कारण मला कुणाचीच गरज नाही, हे दाखवायचं होतं. घ्या आता.

१६ जून

खोलीचं दार लावून ते जानवं मी स्वतः घालून बघितलं. बरोबर कमरेपर्यंत आलं. छत कोसळलं नाही. काढून कपाटात ठेवलं.

आता पुन्हा पहिल्यापासून. कापूस पुरेल, आईने वातींचा डबा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, यंदा वाती विकतच्या आणू. तिने कधी विकतची वात लावलेली नाही.

९ जुलै

आज माझा दुसरा दिवस. चार दिवस आमच्याकडे देवघराच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही, देवाचं काही शिवायचं नाही. वाती नाहीत, वस्त्रं नाहीत, जानवं तर नाहीच नाही. आई अजून पाळते, वय झालं तरी माझं कॅलेंडर तिच्या डोक्यात असतं.

पावसाने उघडीप दिली होती. गच्चीत जाऊन कातलं.

मुद्दाम कातलं का? अर्धं मुद्दाम. अर्धं यासाठी की हात लागला होता, असं सूत माझ्या हातून अजून कधी निघालं नव्हतं. पोटात कळ येत होती आणि सूत मात्र एकसारखं निघत होतं, तुटायचं नाव नाही. मी काय करू? टकळीला सांगू की चार दिवस थांब? शेतात गेल्यावर शेळीला सांगू की चार दिवस दूध देऊ नकोस, मी बाजूला आहे? स्वतःच्या हाताने जगायचं म्हटलं की हात सगळे दिवस लागतात. महिन्याचे सगळे दिवस.

आई वाळत घातलेले कपडे काढायला वर आली. टकळी बघितली, मला बघितलं. खाली गेली. थोड्या वेळाने गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या पोटाशी ठेवली आणि पुन्हा खाली गेली.

२४ जुलै, दिव्यांची अवस

बाबांना म्हटलं, बोटं द्या.

घरातले सगळे दिवे पाटावर मांडलेले होते, घासून लख्ख. बाबा त्यांच्या समोरच बसले, उजवा हात पुढे केला, चार बोटं जुळवून. मी गुंडाळायला लागले. बाबांचा हात मी किती वर्षांनी हातात घेतला असेन! दर्भाचं पवित्रक घालून घालून त्या बोटाला घट्टा पडलाय. पाण्यात राहून कातडी सुरकुतलेली. मला वाटायचं बाबांचे हात म्हणजे नुसते पळी-पंचपात्राचे हात, कामाचे नाहीत. तसं नाहीये.

घट्ट नको, सैल नको, एवढंच बोलत होते. मधेच म्हणाले, माझ्या मुंजीतलं जानवं आत्याने कातलं होतं. तिचं सूत असंच होतं. नंतर आत्या गेली, मग पाकिटं सुरू झाली.

मी विचारलं, तुम्ही कधी कुणाला शिकायला का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, "सांगून काय होतं? मनात यावं लागतं कुणाच्या तरी."

आणि मग ब्रह्मगाठ कशी मारायची ते दाखवलं. मी न विचारता.

गाठ मारून, हळद लावून जानवं ताम्हनात घालून देवघरात ठेवलं. म्हणाले, चांगलं आहे. असं ते कधी म्हणत नाहीत. अथर्व पहिला आला होता तेव्हाही, बरं, एवढंच म्हणाले होते. मी जिंकले! किल्ली माझी! आणि मला धड आनंद होईना.

३ ऑगस्ट

गप्प बसायचं. बस्स. आई बोलणार नाही, टकळी बोलणार नाही. अटीत दिवसांचा उल्लेखच नव्हता. श्रावणी सहा दिवसांवर आली आहे.

५ ऑगस्ट

लपवून जिंकायचं, तर मग ठाण्याला काय वाईट आहे? तिथेही सगळं झाकून हसतमुख बसायचं. आणि इथेही तेच? ज्या सुताचा मला इतका अभिमान आहे, त्याच्यातलंच सगळ्यात चांगलं सूत लपवायचं? नाही जमणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं.

बाबा संध्या आटोपून उठत होते. मी देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हटलं, त्या जानव्यातलं काही सूत मी माझ्या दिवसांत कातलंय. कुठलं ते सांगता येणार नाही, मिसळून गेलंय.

बाबा पुन्हा खाली बसले.

"तू सांगितलं नसतंस, तर मी उद्या घातलं असतं."

"माहीत आहे."

"मग कशाला सांगितलंस?"

"तुम्हाला माहीत असताना तुम्ही ते घालावं म्हणून."

त्यांनी ताम्हनातून जानवं उचललं. बाहेर आणून माझ्या टेबलावर ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं. म्हणाले, "मला नाही घालता येणार, स्वानंदी." ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भांडायची सगळी तयारी करून गेले होते.

भांडले मग आईशी. ती बिचारी पुरण वाटत होती. तिला म्हटलं, त्या इंदूरच्या मुलाला सगळं चाललं, मला का नाही? आई म्हणाली, तो परका होता.

जानवं लसणाच्या वाटीत ठेवलंय. लसूण काढून, धुऊन. माझी पहिली वस्तू आणि शेवटची, एकात एक.

९ ऑगस्ट, श्रावणी आणि राखी

बाबांनी पाकिटातलं घातलं.

अथर्व आला होता. उरलेल्या सुताची राखी केली होती, हळदीत रंगवलेली. त्यालाही सगळं सांगूनच बांधली. त्याने मनगट वर करून बघितलं आणि म्हणाला, ताई, मस्त जमलीय, मीठ मी पाठवत जाईन. बाबा समोरच होते. राखीकडे बघत होते.

मी हरले. शब्द दिलाय तो पाळीन. ठाण्याचे लोक पुढच्या रविवारी येणार आहेत, सतराला. बसेन. तोंड वाकडं करणार नाही. पण टकळी हातात असेल! साडी नेसून, पोहे देऊन, टकळी फिरवत बसेन. काय विचारायचं ते विचारा म्हणावं.

१३ ऑगस्ट

आईने निळी साडी इस्त्रीला दिली. मी देवकापसाच्या सरक्या निवडून एका पुडीत बांधल्या. चांगुणाकाकूंना पाठवीन. मी नाही तर नाही, झाड तरी तिथे लागू दे.

१६ ऑगस्ट, शनिवार

भरभर लिहितेय, अक्षर लागणार नाही, नाही तर नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला बाबा आले. धोतर ओलं, पिशवी खांद्याला, तोंड मिटलेलं. आईने, आज लवकर आलात, म्हटलं तर उत्तर नाही. मग त्यांनी उपरणं बाजूला केलं. जानवं खांद्यावरून खाली लोंबत होतं. तुटलेलं.

आईने धावत जाऊन खिळ्यावरचं पाकीट आणलं, उघडून पुढे केलं. बाबांनी मान हलवली. नाही. आई म्हणाली, अहो, घाला ना, पाणीसुद्धा घेता येणार नाही तुम्हाला. पुन्हा मान हलवली. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे वळून उजवा हात वर केला आणि चार बोटं दाखवली. जुळवलेली.

मला कळेना. लहानपणीसारखं मी खुळ्यासारखी बघत बसले. आईला कळलं. म्हणाली, अगं, तुझं मागताहेत.

वाटी घेऊन आले. बाबांनी त्यातून जानवं उचललं, पाटावर बसले, मनातल्या मनात मंत्र म्हणून ते घातलं. बरोबर कमरेपर्यंत. ना वर, ना खाली. किल्ली त्याला अडकवली नाही. जुनं उतरवून आईकडे दिलं, तिने तुळशीत ठेवलं. बाबा भांडंभर पाणी प्यायले आणि मग बोलले.

"श्रावण अजून संपलेला नाही. अट पुरी झाली." आणि किल्ली माझ्यापुढे सरकवली.

मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाहीये. जिंकल्यावर माणसाने निमूट किल्ली घ्यावी की नाही? पण माझी जीभ. मी म्हटलं, बाबा, पण ते सूत तर तेच आहे, त्या दिवसांतलं.

"आपद्धर्म," बाबा म्हणाले. "जानवं तुटलं, तोंड बंद. हाताशी असेल ते घालावं लागतं."

पाकीट आईच्या हातात होतं, उघडलेलं. तिघांपैकी कुणीच तिकडे बघितलं नाही. बाबा कपडे बदलायला आत गेले. आई ठाण्याला फोन लावायला गेली आणि मी आजूबाजूला कुणी नाही असं बघून मोठ्याने रडले. एप्रिलचं, जूनचं, सगळं एकदम.

१८ ऑगस्ट, सोमवार

निघाले. टकळी, सरक्या, दोन साड्या, किल्ली. बाबा पहाटेच घाटावर गेले, दिसले नाहीत.

जाताना तुळशीला पाणी घातलं. बाबांचं तुटलेलं जानवं तिथेच पडलं होतं, मातीत. उचलून बघितलं. दोन्ही टोकं सपाट. एक तंतू सुटलेला नाही.

आईला दाखवलं. ती म्हणाली, ठेव ते तिथे आणि नीघ, एसटी चुकेल तुझी.